दावा मागे घेतो, असं कैदी लिहितो तेव्हा

मागच्या वेळी आपण अमेरिकेतल्या तुरुंगातून नागरी हक्कांचा दावा कोर्टात कसा पोचतो ते पाहिलं होतं. आज त्याच्या शेवटाबद्दल बोलू. शेवट म्हटलं की ज्युरी, साक्षीपुरावे, निकाल असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आजचा शेवट मात्र एका पानात मावतो. फेडरल जिल्हा न्यायालयाचा आदेश असतो, त्याचा मजकूर साधारण असा : वादीने दावा मागे घेण्याचा अर्ज दिला आहे, अर्ज मंजूर, दावा 'विदाउट प्रेज्युडिस' काढून टाकला जातो, क्लार्कने फाईल बंद करावी. खाली न्यायाधीशाची सही. बस.

वादी कोण? कैदी. प्रतिवादी कोण? तुरुंगाचा वॉर्डन, एखादा गार्ड, तुरुंगातला डॉक्टर. कैद्याने दावा का मागे घेतला, हे त्या पानावर बहुतेक वेळा नसतंच. तो थकला का, घाबरला का, त्याला कुणी शहाणपणाचा सल्ला दिला का, की मागितलं ते मिळालं म्हणून तो थांबला? कळायला मार्ग नाही. असे आदेश वाचताना आम्हालाही सुरुवातीला वाटायचं की यात शिकण्यासारखं काय आहे, माणसाने केस काढून घेतली, विषय संपला. पुढे लक्षात आलं की फाईल बंद झाली तरी दोन मीटर चालूच राहतात. एक कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यावरचा आणि दुसरा मुदतीचा. आज मुख्यतः या दोन मीटरांबद्दल बोलायचं आहे, कारण दावा मागे घेणाऱ्याला नेमके तेच दिसत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी, भराभर. हे दावे ज्या कायद्याखाली होतात त्याला सगळे 'सेक्शन १९८३' म्हणतात. आकडा ऐकून पुष्कळांना ते वर्ष वाटतं. ते कलम आहे, आणि मूळ कायदा १८७१ चा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनचा धुमाकूळ चालला होता, तेव्हा केलेला. राज्याच्या अधिकाराचा वापर करून कुणी तुमचे संविधानाने दिलेले हक्क मोडले, तर त्या माणसावर दावा करा, असं तो सांगतो. कैद्यांना हे दार उघडलं ते बरंच नंतर. १९६४ मध्ये कूपर विरुद्ध पेट या इलिनॉयमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की धार्मिक पुस्तकं मिळत नाहीत ही कैद्याची तक्रार या कलमाखाली ऐकली जाऊ शकते. १९७६ मध्ये एस्टेल विरुद्ध गॅम्बल आलं. टेक्सासच्या तुरुंगात काम करताना अंगावर कापसाचा गठ्ठा पडून पाठ दुखावलेला कैदी, हाताने लिहिलेला दावा. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही क्रूर शिक्षाच आहे, हे तत्त्व त्या निकालातून आलं. स्वतः गॅम्बलला डॉक्टरविरुद्ध काही मिळालं नाही, पण त्याच्या नावाने आजही दावे चालतात.

यातला 'हाताने लिहिलेला' हा तपशील धरून ठेवा. दिवाणी दाव्यात सरकारने वकील द्यावा असा हक्क तिथे नाही. त्यामुळे यातले पुष्कळ कैदी स्वतःच वादी आणि स्वतःच वकील असतात. १९७२ च्या हेन्स विरुद्ध कर्नरपासून कोर्टांना सांगितलेलं आहे की अशा माणसाचा कागद वकिलाच्या मापाने मोजू नका, जरा सैल हाताने वाचा. कोर्टं तसं वाचतातही. पण सैल हाताने वाचलं म्हणून कागदाचे परिणाम सैल होत नाहीत.

आता दावा मागे घ्यायचा नियम. फेडरल दिवाणी प्रक्रियेचे नियम १९३८ पासून लागू आहेत, त्यातला नियम ४१, उपनियम अ. आपल्याकडे कोर्टात ज्यांनी तारखा काढल्या आहेत त्यांना 'पुरसीस' हा शब्द माहीत असेल. पक्षकाराने कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन. 'दावा पुढे चालवायचा नाही' अशी पुरसीस दिली की प्रकरण निकाली. नियम ४१ चं पहिलं दार जवळजवळ तसंच आहे. समोरच्याने लेखी कैफियत दिलेली नसेल, किंवा साक्षीपुराव्यांच्या सुनावणीशिवायच निकाल द्या असा समरी जजमेंटचा अर्ज केलेला नसेल, तोवर वादी नुसती नोटीस देऊन दावा काढून घेऊ शकतो. कोर्टाची परवानगी लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. नोटीस दाखल झाली की दावा संपला, न्यायाधीशाने सही केली काय नि न केली काय.

दुसरं दार म्हणजे हजर झालेल्या सगळ्या पक्षांच्या सह्यांचा संमतीचा कागद. तडजोड झाली की हा वापरतात. तिसरं दार, वरची वेळ टळून गेली असेल तर न्यायाधीशाकडे अर्ज. इथे न्यायाधीश विचार करतो : प्रतिवादीचा किती खर्च झाला, केस हरायला आली म्हणून हा पळतोय का, आता सोडून दिलं तर समोरच्याचं कायदेशीर नुकसान होईल का. मग 'योग्य वाटतील त्या अटींवर' परवानगी देतो. या अटींकडे आपण नंतर येऊ.

गंमत अशी की कैदी पहिल्या दारात उभा असतो आणि कागदावर तिसऱ्या दाराचं नाव लिहितो. 'माननीय न्यायाधीशसाहेबांनी कृपा करून परवानगी द्यावी' वगैरे. परवानगीची गरजच नसते. कैद्यांच्या केसमध्ये तर पहिलं दार जरा जास्तच वेळ उघडं असतं. १९९६ च्या ज्या कायद्याबद्दल आपण आता बोलणार आहोत त्यात एक तरतूद आहे, की कैद्याच्या दाव्याला प्रतिवादीने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, कोर्टाने सांगितल्यावर द्यावं. शिवाय समन्स जाण्याआधी कोर्ट स्वतःच दावा चाळून बघतं. या सगळ्या काळात लेखी कैफियत आलेलीच नसते. आणि दावा फेटाळा असा प्रतिवादीचा साधा अर्ज आला तरी तो कैफियत धरला जात नाही, दार उघडंच राहतं.

इथे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी एक सावधगिरीची सूचना, कारण आपली सवय उलटी आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २३, रूल १ खाली वादी दावा कधीही सोडू शकतो, पण पुन्हा दावा करण्याची मुभा कोर्टाकडून मागून घेतली नसेल तर त्याच विषयावर दुसरा दावा चालत नाही. १९८६ च्या सरगुजा ट्रान्सपोर्टच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व रिट याचिकांनाही लावलं. हेबिअस कॉर्पस आणि अनुच्छेद २१ ची प्रकरणं मात्र त्यातून वेगळी ठेवली. म्हणजे आपल्याकडे गप्प राहिलात तर हक्क गेला. अमेरिकेत गप्प राहिलात तर पहिल्या वेळी हक्क राहिला. 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणजे तेच, हक्क राखून. 'विथ प्रेज्युडिस' लिहिलं असेल तर हक्क संपला.

पहिल्या वेळी म्हटलं, ते मुद्दाम. तोच दावा एकदा मागे घेतला, पुन्हा केला आणि पुन्हा नोटीस देऊन मागे घेतला, तर दुसरी नोटीस म्हणजे अंतिम निकाल धरला जातो. आधीचा दावा राज्याच्या कोर्टात होता आणि नंतरचा फेडरल कोर्टात आहे, तरीही. चंचल वादीने समोरच्याला पुन्हा पुन्हा कोर्टात ओढू नये म्हणून केलेला नियम आहे. वकील असलेल्या माणसाला तो ठाऊक असतो.

तर, कैदी दावा मागे का घेतो? आम्हाला वाटतं सगळ्यात समजण्यासारखं कारण तक्रारीच्या प्रक्रियेत आहे. १९९६ साली प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट आला. कैदी क्षुल्लक दावे करून कोर्टं तुंबवतात असा तेव्हा मोठा ओरडा होता. या कायद्याने सांगितलं की तुरुंगातली तक्रार निवारणाची सगळी पायरी संपवल्याशिवाय कोर्टात यायचं नाही. तक्रार, मग त्यावर अपील, मग वरचं अपील. २००६ मध्ये वुडफोर्ड विरुद्ध न्गोमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी आवळलं : नुसती तक्रार करून भागणार नाही, तुरुंगाच्या नियमांप्रमाणे आणि तुरुंगाने ठरवलेल्या मुदतीत केलेली पाहिजे. त्या कॅलिफोर्नियाच्या केसमध्ये मुदत होती १५ कामाचे दिवस.

आता असं समजा की कैद्याने तक्रार केली, पण शेवटचं अपील करायच्या आतच दावा ठोकला. प्रतिवादीच्या वकिलाने बोट ठेवलं. दावा चालू ठेवून मागच्या मागे अपील उरकता येईल का? बहुतेक कोर्टं नाही म्हणतात, पायऱ्या दावा करण्याआधीच संपलेल्या पाहिजेत. मग सरळ मार्ग एकच, दावा मागे घ्या, अपील पूर्ण करा, पुन्हा या. कोठडीतला एखादा जुना जाणकार कैदीही हाच सल्ला देईल. सल्ला बरोबरच आहे. फक्त पुन्हा येण्याचं तिकीट किती, आणि गाडी कधी सुटते, हे कुणी सांगत नाही.

तिकिटाचं आधी बघू. फेडरल जिल्हा न्यायालयात दाव्याचं शुल्क ३५० डॉलर. वर आता ५५ डॉलर प्रशासकीय आकार असतो, पण गरीब म्हणून अर्ज मंजूर झालेल्याला तो माफ. आपल्याकडे याला कोर्टाच्या भाषेत 'पॉपर' म्हणायचे. १९९६ च्या आधी गरीब कैद्याला शुल्कच माफ होऊ शकायचं. आता माफी नाही, हप्ते आहेत. मागच्या सहा महिन्यांत खात्यात दरमहा सरासरी किती जमा झाले आणि सरासरी शिल्लक किती होती ते बघायचं, यातला जो आकडा मोठा त्याचे २० टक्के पहिला हप्ता. पुढे दर महिन्याला मागच्या महिन्याच्या जमेचे २० टक्के, खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असतील तेव्हा. तुरुंग ते परस्पर कापून कोर्टाला पाठवतो.

आकडेमोड करून बघू. समजा तुरुंगातली मजुरी आणि घरून आलेले पैसे मिळून महिन्याला ४० डॉलर जमा होतात. पहिला हप्ता ८ डॉलर. उरले ३४२. महिन्याला ८ प्रमाणे भागा, ४३ महिने लागतात. साडेतीन वर्षांहून जास्त. या ४० डॉलरमध्ये साबण, टूथपेस्ट, घरी फोन, कँटीनमधलं खाणं, सगळं आलं.

आणि दावा मागे घेतला तर? कापणं थांबत नाही. कायद्याची भाषा अशी आहे की कैद्याने दावा आणला की पूर्ण शुल्क देणं आलं. दावा चालला किती, याच्याशी संबंध नाही. म्हणून त्या एका पानाच्या आदेशात पुष्कळदा एक ओळ जास्त असते, की शुल्काची जबाबदारी कायम आहे. गरिबीचा अर्ज मंजूर व्हायच्या आतच माघार घेतली तर काही न्यायाधीश शुल्क लावत नाहीत. ते त्यांच्यावर आहे, त्यावर विसंबून राहता येत नाही.

मग तोच माणूस अपील पूर्ण करून परत आला की नवा दावा, नवे ३५०. दोन्हींचे हप्ते एकामागून एक की एकदमच? यावर कोर्टांमध्ये मतभेद होते. २०१६ मध्ये ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्समध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, एकदमच. प्रत्येक केसचे वेगळे २० टक्के. म्हणजे आपल्या माणसाचे ४० मधले १६ गेले, त्यातले ८ अशा दाव्यासाठी, जो कोर्टाच्या लेखी अस्तित्वातच नाही.

'अस्तित्वातच नाही', यातून आपण दुसऱ्या मीटरकडे येतो. १८७१ च्या कायद्यात मुदत लिहिलेलीच नाही. म्हणून कोर्टं ज्या त्या राज्याची शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत उसनी घेतात. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं, टेक्सासमध्ये दोन, केंटकी आणि टेनेसीत एकच वर्ष. आणि सर्वसाधारण नियम असा की हक्क राखून मागे घेतलेला दावा मुदतीच्या हिशेबात कधी दाखल झालाच नव्हता असं धरायचं. कोर्टात गेलेले दिवस वजा होत नाहीत.

केंटकीचं एक कल्पित उदाहरण घ्या. १० जानेवारी २०२३ ला गार्डने हात पिरगाळला, हाड मोडलं. दावा केला २० सप्टेंबरला. अपील राहिलंय हे कळल्यावर ५ डिसेंबरला मागे घेतला. अपील उरकून २०२४ च्या मार्चअखेरीस पुन्हा कोर्टात. तक्रारीच्या पायऱ्या चालू होत्या ते दिवस पुष्कळ कोर्टं मुदतीतून वगळतात, समजा असे ३० दिवस मिळाले. तरी मुदत संपली ९ फेब्रुवारीला. सप्टेंबर ते डिसेंबर तो कोर्टातच होता ना, मग ते अडीच महिने? ते मिळत नाहीत. आदेशावर लिहिलेलं 'हक्क राखून' खरंच असतं. कोर्टाने हक्क काढून घेतलेला नसतो, तो कॅलेंडरने नेलेला असतो.

सगळीकडे इतकं कडक नाही. टेनेसीत राज्याचा एक कायदा आहे, त्यात स्वतःहून मागे घेतलेला दावा एका वर्षाच्या आत पुन्हा करता येतो. न्यूयॉर्कमध्येही तशी सवलत आहे, पण स्वेच्छेने मागे घेतलेले दावे तिने स्पष्टपणे वगळलेत. म्हणजे एकच वाक्य लिहिणाऱ्या दोन कैद्यांचं भवितव्य तुरुंग कुठल्या राज्यात आहे त्यावर ठरतं. आणि हे शोधायला त्याच्याकडे काय असतं? आठवड्यातून काही तास उघडणारी तुरुंगाची लायब्ररी, असेल तर.

एका श्रोत्याने आधीच चिठ्ठी पाठवली होती : मग दावा मागे न घेता कोर्टाला फेटाळू द्यावा, निदान बाजू तरी मांडता येईल? याचं उत्तर 'तीन स्ट्राइक'. शब्द बेसबॉलमधला आहे. कैदेत असताना केलेले तीन दावे किंवा अपिलं क्षुल्लक, खोडसाळ किंवा कायद्याने दावाच उभा राहत नाही अशा कारणाने फेटाळली गेली, की पुढे हप्त्यांची सोय बंद. सगळं शुल्क आधी भरायचं, जीवाला तातडीचा गंभीर धोका असेल तेवढा अपवाद. २०२० मध्ये लोमॅक्स विरुद्ध ऑर्टिझ-मार्केझमध्ये न्यायमूर्ती कागन यांनी लिहिलं की दावा उभा राहत नाही म्हणून 'हक्क राखून' फेटाळला असला, तरीही तो स्ट्राइकच. त्याआधी २०१५ मध्ये कोलमन विरुद्ध टॉलेफसनमध्ये ठरलं होतं की त्या फेटाळणीवर अपील चालू असलं तरी स्ट्राइक मोजला जाणार.

स्वतःहून मागे घेतलेला दावा साधारणतः स्ट्राइक होत नाही, कारण कोर्टाने काही ठरवलेलंच नसतं. त्यामुळे आपला दावा कच्चा आहे हे वेळेवर ओळखणाऱ्यासाठी माघार हा शहाणपणाचा रस्ता आहे, यात आम्हाला शंका नाही. चाळणी करणाऱ्या मॅजिस्ट्रेटने 'फेटाळावा' अशी शिफारस लिहिल्यानंतर कैद्याने नोटीस दिली तर काय, यावर मात्र जिल्हा न्यायालयांचं एकमत नाही. काही म्हणतात, नियमाने हक्क दिलाय, तो आहेच. काही म्हणतात, ही तर स्ट्राइक चुकवायची पळवाट. आमचं मत विचाराल तर नियमाचे शब्द पहिल्या बाजूला आहेत.

तडजोडीचा मार्ग थोडक्यात सांगतो, पण त्यात एक खड्डा आहे. समजा तुरुंग म्हणाला, गुडघ्याचं ऑपरेशन करून देतो, तू दावा सोड. दोघांच्या सह्या होतात, दावा सहसा 'हक्क संपवून' निघतो. सहा महिने गेले, ऑपरेशन नाही. कैदी त्याच न्यायाधीशाला लिहितो. न्यायाधीश म्हणतो, माझ्याकडे आता केसच नाही. १९९४ च्या कोकोनेन निकालाने तेच सांगितलं : तडजोडीच्या अटी आदेशात घेतल्या नसतील किंवा अंमलबजावणीचा अधिकार कोर्टाने राखून ठेवला नसेल, तर तो निव्वळ करार, राज्याच्या कोर्टात जा. तुरुंगांच्या बाबतीत १९९६ च्या कायद्याने आणखी एक गाठ मारली आहे. तुरुंगाने पुढे काय करावं हे सांगणारी, कोर्टाने राबवायची तडजोड असेल, तर हक्कभंग झाल्याचं मान्य करून त्याच्यापुरताच नेमका उपाय लिहावा लागतो, आणि ते मान्य करायला तुरुंग सहसा तयार नसतो. खासगी तडजोड केली तर फेडरल कोर्टाकडून मिळू शकणारी दाद एवढीच, की बंद केलेला दावा पुन्हा सुरू होईल. म्हणून ही शक्यता तडजोडीच्या कागदातच लिहून घेणं फार महत्त्वाचं.

आता राहिलं भीतीचं कारण. ज्यांच्यावर दावा केलाय तेच सकाळ-संध्याकाळ दार उघडतात, तेच जेवण देतात, टपाल त्यांच्याच हातून जातं. आपल्याकडे पोलीस तक्रार मागे घ्यायला लावतात तेव्हा माणूस निदान संध्याकाळी घरी जातो. इथे तो जाऊ शकत नाही. पहिल्या दाराने माघार घेतली तर न्यायाधीश 'तुझ्यावर दबाव आहे का' असं विचारत नाही, कारण त्याला विचारायचा प्रसंगच येत नाही. वादीचं स्वातंत्र्य जपण्यासाठी केलेला नियम, स्वातंत्र्य नसलेल्या माणसाच्या हातात असा वागतो. तिसऱ्या दाराने, अर्ज करून गेलं, तर निदान एक न्यायाधीश कागद वाचतो, काही वेळा स्वतःहून मुदतीची आणि शुल्काची आठवण करून देतो, अर्ज परत घ्यायचा का विचारतो. सगळे करत नाहीत. पण ज्या कार्यपद्धतीला आपण मघाशी 'गरज नसताना मागितलेली परवानगी' म्हणून हसलो, तिचा असा एक उपयोग आहे.

धमकीमुळे तक्रारच करता आली नाही, तर काय? २०१६ च्या रॉस विरुद्ध ब्लेकने सांगितलं की धाकदपटशाने किंवा फसवून तक्रारीचा मार्ग बंद केला असेल तर तो मार्ग 'उपलब्ध' नव्हता, आणि मग पायऱ्या न संपवता कोर्टात येता येतं. २०२५ मध्ये पेर्टू विरुद्ध रिचर्ड्स आलं. तक्रारीचे कागदच फाडले गेले असा आरोप त्यात होता. पायऱ्यांचा वाद आणि मूळ आरोप एकमेकांत गुंतलेले असतील तर त्यातल्या तथ्यांचा निर्णय ज्युरीने करायचा, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. म्हणजे ज्या कैद्याला 'तुझं अपील राहिलंय, सोड केस' असं सांगितलं जातं, त्याने सोडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : अपील माझ्यामुळे राहिलं की त्यांनी राहू दिलं?

आणि एकदा सोडलेली केस परत उघडता येते का? आत्तापर्यंत यावर गोंधळ होता. २६ फेब्रुवारी २०२५ ला वेट्झिग विरुद्ध हॅलिबर्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की स्वतःहून, हक्क राखून मागे घेतलेला दावाही नियम ६० ब खाली पुन्हा उघडला जाऊ शकतो. ती केस कैद्याची नाही, वयावरून कामावरून काढलं असं म्हणणाऱ्या कामगाराची आहे. पण नियम सगळ्यांना एकच. चूक, नजरचूक, समोरच्याची लबाडी अशी कारणं दाखवावी लागतात, त्यांना जास्तीत जास्त एक वर्ष, आणि उघडायचं की नाही हे न्यायाधीशाच्या मनावर. मुदत गेलेल्या माणसाला ही वाट महत्त्वाची आहे, कारण यात नवा दावा नसतो, जुनाच जिवंत होतो, त्याच्या जुन्या तारखेसकट.

शेवटी एक प्रश्न आलाय, तो घेऊन थांबू : मग कैद्याने कागदात लिहावं तरी काय? आम्ही कुणाचे वकील नाही, पण आतापर्यंत बोललो त्यावरून सांगता येईल. वर 'नोटीस' असं लिहावं, नियम ४१ अ-१ चा उल्लेख करावा, कैफियत अजून आलेली नाही हे नोंदवावं आणि 'हक्क राखून' हे शब्द घालावेत. आधी कधी हाच दावा मागे घेतला असेल तर हा कागद लिहूच नये, अर्ज करावा. दबावाखाली लिहीत असेल तर नोटीस टाळून अर्ज करावा आणि कारण लिहावं. मुदत कधी संपते ते आधी मोजावं, कागद नंतर लिहावा. आणि कागद ज्या दिवशी तुरुंगाच्या टपालात दिला ती तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी, शक्य तर टपालाच्या रजिस्टरमध्ये नोंदवून घ्यावी. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅकपासून कैद्याने अपिलाची नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातात दिली की ती दाखल झाली असं धरतात, आणि कैद्यांच्या इतर कागदांनाही कोर्टं हाच हिशेब लावतात. उद्या वाद झाला की कैफियत आधी आली की नोटीस, तर त्याच्याकडे दाखवायला ती तारीखच असेल.